फोर-बाय-फोरची स्टेपनी कशी निवडावी

"स्टेपनी काय, कुठलीही चालते, दुकानापर्यंत तर जायचंय." साताऱ्यात पोवई नाक्यावर टायर पंक्चर झाला तर हा सल्ला खपून जातो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांमधल्या मुरमाच्या वाटेवर, बामणोलीकडे उतरताना किंवा पाटणच्या वरच्या एखाद्या वाडीत तो खपत नाही. तिथून दुकान गाठायचं म्हणजे आधी खराब वाट, मग घाट, मग डांबरी रस्ता. एवढं सगळं त्या पाचव्या टायरवरच पार करायचं असतं.

पंक्चर किटच्या भरवशावरही राहू नका. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या प्रवासी गाड्यांना २०२० पासून स्टेपनीची सक्ती नाही, हे खरं. माणदेशातला बाभळीचा काटा किंवा वाळव्याच्या फडातलं उसाचं धसकट मधल्या नक्षीत घुसलं, तर किटमधली रबरी वात भोकात ठासून काम भागतंही. पण जांभ्याची कड टायरची बाजू चिरते, आणि बाजूच्या चिरेला वात धरत नाही. छोटी, ८० च्या वेगाची मर्यादा असलेली स्टेपनीही घाटमाथ्यावर कामाची नाही. स्टेपनी पूर्ण मापाचीच हवी.

टायरवरचा आकडा आधी जुळवा. जिम्नीला १९५/८० आर १५, थारला प्रकारानुसार २४५/७५ आर १६ किंवा २५५/६५ आर १८. आकड्यामागचा भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक, कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, १०० म्हणजे ८००, १०९ म्हणजे १०३०.

तारीख पाहा. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते, म्हणून टायर उलटा करून बघा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कोरी असली तरी घेऊ नका. मागच्या दारावर उन्हात टांगलेली स्टेपनी न वापरताच म्हातारी होते. बाजूचं रबर अंगठ्याने दाबून वाकवा. बारीक भेगा उघडल्या की टायर संपला. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर घाटासाठी नको.

आता घेर. बहुतेक जण फसतात ते इथेच, कारण आकडा जुळला म्हणजे टायर जुळला असं दुकानदारही सांगतो.

टायरवर छापलेलं माप कोऱ्या टायरचं आणि ढोबळ असतं. एकाच मापाचा रोड टायर आणि जाड बटणांचा मड टायर शेजारी उभे केले, तर उंचीतला फरक डोळ्यांना दिसू शकतो. त्यात झीज आली. समजा, चालू टायरची नक्षी ४ मिलिमीटर उरली आहे आणि स्टेपनी ८ मिलिमीटरची कोरी आहे. त्रिज्येत ४, व्यासात ८, म्हणजे घेरात साधारण २५ मिलिमीटरचा फरक. जिम्नीच्या मापात कोऱ्या टायरचा घेर २१७७ मिलिमीटरच्या आसपास येतो, तेव्हा हा फरक सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर झाला. झिजलेलं चाक किलोमीटरमागे पाचेक फेरे जास्त मारतं.

टू-व्हीलवर, म्हणजे इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाताना, हे पाच फेरे डिफरन्शियल (एका धुऱ्यावरच्या दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) निमूट पचवतं. फोर-हायला, म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकांना ताकद देणाऱ्या जागी लिव्हर टाकला, की पार्ट-टाइम (गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या) गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, एकमेकांना जखडले जातात. पुढचा धुरा आणि मागचा धुरा यांच्या फेऱ्यांत फरक पडला, तर तो जमिनीवर चाक घसरूनच सुटतो. चिखलात, मुरमात चाक घसरतं, म्हणून काही जाणवत नाही. वाडीतल्या चढाच्या कोरड्या काँक्रीटवर घसरायला वाव नसतो. सगळा ताण त्या पेटीतल्या साखळीवर, गिअरवर आणि शाफ्टच्या सांध्यांवर साठतो. लिव्हर फोर-हायमधून निघता निघत नाही, गाडी ओढल्यासारखी चालते, खालून खट्ट आवाज येतो. मेकॅनिक मग क्लचपासून तपासायला लागतो, आणि दोष मात्र एका चाकाच्या घेरात असतो. कोरड्या काँक्रीटवर फोर-हाय नकोच. पण घेर वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही ताण चढतो.

घेर असा मोजा. चारही टायर आणि स्टेपनी थंड असताना एकाच दाबाला भरा. गाडीचं एक चाक जॅकवर उचला. नक्षीत अडकलेले खडे काढा. खोक्यांना बांधतात ती प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी टायरच्या बरोबर मधोमध गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे पेनाने खूण करा, पट्टी जमिनीवर सरळ पसरून स्टीलच्या टेपने मोजा. शिंप्याची टेप दीड मीटरची, ती पुरत नाही. नायलॉनची दोरी ताणते आणि प्रत्येक वेळी वेगळं माप देते. चारही चाकं अशीच मोजा, मग स्टेपनी.

इथे एक चूक हमखास होते. गाडी ढकलून, टायरला आणि जमिनीला खडूची खूण करून, एका फेऱ्याचं अंतर काढायचीही पद्धत आहे. ती चांगली आहे, पण तो आकडा पट्टीच्या मापापेक्षा कमी येतो, कारण गाडीच्या वजनाने टायर खाली चेपलेला असतो. चालू चाकं ढकलून मोजली आणि सुट्या स्टेपनीला पट्टी लावली, तर जुळणारी स्टेपनीही मोठी वाटेल. पाचही टायर एकाच पद्धतीने मोजा.

मर्यादा सांगतो. फरक १ टक्क्याच्या आत, म्हणजे सव्वादोन मीटरच्या घेराला २० मिलिमीटरपर्यंत असेल, तर स्टेपनी बिनधास्त लावा. १ ते ३ टक्के असेल तर ती फक्त टू-व्हीलवर, सावकाश, दुकानापर्यंत. मागच्या धुऱ्याला लिमिटेड-स्लिप (दोन चाकांच्या वेगातला फरक क्लच प्लेटांनी आवरणारं डिफरन्शियल) असेल तर वेगळ्या घेराचं चाक मागे लावू नका. मागचा टायर गेला तर पुढचा चांगला मागे घ्या आणि स्टेपनी पुढे लावा. दहा मिनिटं जास्त जातात, पण डिफरन्शियलच्या क्लच प्लेटा वाचतात. ३ टक्क्यांच्या पुढचा टायर दारावर टांगूच नका. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना सूट याहून कमी असते. त्यांचं पुस्तक काढून वाचा.

दुकानात आणखी एक सल्ला मिळतो: दोन कोरे टायर घ्या, मागे जोडीने लावा, जुन्यातला बरा स्टेपनीला ठेवा. फोर-हाय वापरणाऱ्याने हे करू नये. एका चाकाचा फरक धुऱ्यावर निम्मा होऊन शाफ्टपर्यंत पोचतो. जोडी लावली की पूर्ण पोचतो. जुने टायर अर्धे झिजले असतील, तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, तेवढाच झिजलेला आणि तारखेत बसणारा वापरलेला टायर शोधा. चारही गोटा व्हायला आले असतील, तर थोडं थांबून पाच एकदम घ्या. पाच घेतले की दर ८ ते १० हजार किलोमीटरला पाचही टायरच्या जागा आलटून-पालटून बदलत राहा, म्हणजे घेराची कटकट पुन्हा उद्भवत नाही. फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली नक्षी मात्र घेऊ नका. स्टेपनी कुठल्या बाजूला लागेल हे आधी माहीत नसतं.

रिमचं थोडक्यात. भोकांची संख्या आणि अंतर, मधलं भोक, ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप), सगळं जुळायला हवं. जिम्नीला पाच भोकं, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. चालू चाकं अलॉयची आणि स्टेपनी लोखंडी असेल तर नट तपासा: बसायची जागा निमुळती की चपटी, लांबी पुरते का. बसत नसतील तर वेगळा संच घेऊन जॅकच्या पिशवीत ठेवा. मूळ मापापेक्षा जड टायर दारावर टांगलात, तर खराब रस्त्यावर बिजागऱ्या खाली बसतात. दार उघडून दोन्ही हातांनी उचलून बघा. हललं तर आधी बिजागरी.

नवी स्टेपनी घरीच एकदा पुढच्या चाकाच्या जागी लावा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का, रिम ब्रेकच्या कॅलिपरला टेकते का, ते हाताने फिरवून बघा. नंतर ती जागेवर टांगताना नेहमीच्या दाबापेक्षा ५ ते ६ पीएसआय जास्त भरा, कारण महिन्याला थोडी हवा जातेच; लावायच्या वेळी उतरवता येते. व्हॉल्व्हपर्यंत हवेचा नळ पोचतो ना, ते पाहून मगच कव्हर चढवा. गाडीखाली टांगलेली असेल तर पावसाळा संपल्यावर एकदा उतरवा, चिखल धुवा आणि साखळीला ग्रीस लावा. गंजलेली साखळी ऐन वेळी सुटत नाही.