मे महिन्यातली मुंज: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराची तयारीची यादी

नातवाच्या मुंजीचा मुहूर्त मेच्या मध्यावर निघाला तेव्हाच मी मुलाला सांगून टाकलं: आहेर, गुरुजी, मांडव तुम्ही बघा, उन्हाची यादी माझ्याकडे. निम्मी मंडळी पुण्याहून येणार. तिथे पारा चाळिशीला टेकला की बातमी होते. आमच्या ग्वाल्हेरला पंचेचाळीस झाले तरी लोक एवढंच विचारतात, कूलरच्या टाकीत पाणी भरलंय ना?

सगळ्यात आधी वेळापत्रक. मुहूर्त सकाळचाच आहे, त्यामुळे जेवणं बारा-साडेबाराला उरकून दुपारी कुणालाही महाराज बाड्यावर खरेदीला सोडायचं नाही. सकाळी दहा ते चार अतिनील किरणं सर्वांत तीव्र असतात, आणि त्याच वेळी पाहुण्यांना नेमक्या चंदेरी साड्या आठवतात. भिक्षावळ सूर्य कलल्यावर. फोटोवाल्याला उजेड कमी पडला तर पडू दे.

बटूच्या डोक्याचा विचार मात्र कुणीच करत नाही. जन्मभर केसांखाली राहिलेली टाळू एका सकाळी उघडी पडते आणि दुसऱ्या दिवशी पोर अंगणात क्रिकेट खेळतं. म्हणून मऊ सुती टोपी आधीच आणायची, आणि थोडी घट्टच. केस गेले की नेहमीची टोपी डोळ्यांवर येते. सनस्क्रीन एसपीएफ ३० चं पुरे. ते भाजवणारी किरणं सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० चं ९८, त्यामुळे मोठ्या आकड्याला भुलून पैसे घालवायचे नाहीत. खरी चूक होते ती बोटभर लावून दिवसभर विसरण्यात. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, कान आणि मान धरून, भरपूर लावायचं. घाम आला की किंवा दोन तासांनी परत. वस्तऱ्याने कापलं असेल तिथे लावायचं नाही, तिथे टोपीच. भाचीचं बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला सनस्क्रीन नाही, वरचं पाणीही नाही. सावली आणि आईचं दूध.

नवे माठ आठ दिवस आधी आणून भिजवून ठेवायचे. दारात आलेल्याला "पाणी हवं का?" विचारायचं नाही, भांडं हातात द्यायचं. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, आमच्या ह्यांना तर कळतच नाही. पन्ह्याचा गर उकडून गूळ, वेलची, चिमूटभर मीठ घालून आदल्या दिवशी फ्रीजमध्ये. गूळ म्हणजे साखर नव्हे असं मानणारे दोन मधुमेही घरात आहेत, त्यांच्यासाठी जिऱ्याचं ताक वेगळं. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आहे त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून यावं, हे पत्रिकेबरोबर फोनवरच सांगायचं.

जेवणावरून घरात वाद झाला. श्रीखंड हवंच, ठीक. पण ते पंगत बसल्यावरच बर्फातून बाहेर येईल. बत्तीस अंशांच्या वर शिजलेलं किंवा दुधाचं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि आमच्या मांडवात बत्तीस कुठलं! पुऱ्या कमी, दहीभात जास्त. चैत्रगौरीला करतो ती आंब्याची डाळ इथेही हवी: भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीतून प्रथिनं आणि लोह, कैरीतल्या क जीवनसत्त्वाने ते लोह अंगी जास्त लागतं. काकडीची कोशिंबीर ऐन वेळी कालवायची. टरबुजं अख्खी आणायची, बाजारातल्या कापलेल्या फोडी नकोत.

कूलरचं एक समजून घ्यायचं. इथली हवा कोरडी म्हणून तो चालतो. खिडकी बंद केली की खोलीत नुसता दमटपणा. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. चाळिशीच्या वर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, तेव्हा ओला पंचा जवळ ठेवायचा.

ओआरएसची दहा पाकिटं, थर्मामीटर, बर्फ. एक पाकीट एक लिटर पाण्यात, पेल्यात अर्धं टाकायचं नाही. कुणी बरळायला लागलं, अंग तापून चाळीस अंशांवर गेलं, तर ती साधी भोवळ नव्हे. १०८ ला फोन, गाडी येईपर्यंत सावलीत आडवं करून अंगावर पाणी आणि वारा. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही.

कांदेही आणलेत, कोशिंबिरीसाठी. पण लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा पुण्याच्या व्याह्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. ठेवू देत खुशाल. डोक्यावरचा पंचा तेवढा काढू द्यायचा नाही.