डोक्याच्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटच्या शुगर-वजनाकडे मेडिकलवाल्यानं कसं लक्ष द्यावं

वजनकाटा, टेप आणि एक वही काउंटरजवळ ठेवा. ओलान्झापिन, क्लोझापिन या मानसिक आजाराच्या गोळ्या नेणाऱ्या प्रत्येकाचं एक पान, त्यावर सुरुवातीचं वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर. वजन दर महिन्याला, शुगर तीन महिन्यांनी आणि मग निदान वर्षातून एकदा. कंबर पुरुषाची ९० सेंमीच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की डॉक्टरांना कळवायचं. झालं.

अवघड आहे ते बोलणं. गोळ्या न्यायला पेशंट येतच नाही, बाजाराच्या दिवशी त्याची माय येते, हातात थैली, एसटीची घाई. सुरुवातीला एका मायला मी सरळ सांगून टाकलं होतं की या गोळीनं वजन वाढते, शुगर होऊ शकते. पुढचे दोन महिने ती आलीच नाही, मग आली ते रडतच, पोरगा रात्र रात्र वावरात जाऊन बसत होता, जेवण सोडलं होतं. "तुम्हीच म्हणले ना भाऊ शुगर होते, मंग म्या बंद केल्या." ते माझ्या बोलण्यानं झालं होतं. तेव्हापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं, गोळी बंद करायची नाही, काही वाटलं तर आधी मला विचारा. दुसरं, पुढच्या बाजारी त्याले संग आणा, वजन करू. शुगरचं नाव त्याच्यानंतर. आणि हे सगळं हळू आवाजात, मागं त्याच गावचा माणूस उभा असतो.

पत्रकं वाटा म्हणतात, त्यानं काही होत नाही. "गोड सोडा" म्हणूनही नाही, या गोळ्यांनी भूकच जास्त लागते. दिवसभरात चहा किती होते ते विचारा. आठ-दहा कप निघतात, प्रत्येकात दोन चमचे साखर, तिथून सुरुवात करा.

क्लोझापिनवाल्याला दर वेळी विचारायचंच, संडास साफ होते का. तीन दिवस झाली नाही, पोट फुगलं, उलटी होते, तर चूर्ण देऊन घरी पाठवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात. बिडी एकदम सोडली तरी डॉक्टरांना सांगा, धूर बंद झाला की रक्तात हे औषध वाढते. खर्ऱ्याचं (तंबाखू-सुपारीचं) तसं नाही, पण तोही सोडवायचाच आहे.

लिथियम, म्हणजे मूड सांभाळायची गोळी, घेणाऱ्याला अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हातावर ठेवू नका, पॅरासिटामॉल द्या. मे महिन्यात उन्हात घाम गाळून आला, हात जोरात थरथरतात, उलट्या, चालताना तोल जातो, बोलणं जड, तर पुढची गोळी थांबवून लगेच ग्रामीण रुग्णालयात. "गोळी बंद करायची नाही" याला हा एकच अपवाद मी घरच्यांना आधीपासून सांगून ठेवतो.