एकच बेट धरा: नाक्सोसचे सहा दिवस

ओळखीतलं कुणी ग्रीसला निघालं की मला यादी दाखवायला येतं. यादी बहुतेक सारखीच: दोन रात्री अथेन्स, दोन मिकोनोस, दोन सँटोरिनी. मी आधी एक बेट खोडायला सांगते. बेट बदलायचं म्हणजे बॅगा भरणं, धक्क्यावर ताटकळणं आणि खोली मिळायची वाट बघणं, यात अर्धा दिवस जातो. तेवढ्या वेळात एक डोंगर चढून होतो.

मी गिरगावातल्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सप्टेंबरच्या शेवटी मी, माझे यजमान आणि वन्सं असे तिघं नाक्सोसवर सहा दिवस राहिलो. वन्सं सदुसष्ट वर्षांच्या, एक गुडघा दुखरा. पुढे जे सांगते आहे ते या तिघांच्या पायांनी चालून बघितलेलं आहे.

नाक्सोस हे सायक्लाडीझ द्वीपसमूहातलं सगळ्यांत मोठं बेट. इथे समुद्र आहेच, पण आत शिरलात की ऑलिव्हच्या बागा, बटाट्याची शेतं, संगमरवराच्या खाणी आणि १००० मीटरच्या आसपासचा डोंगरही आहे. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून मोठी बोट साधारण पाच तासांत पोहोचवते. वेगवान बोटी लवकर पोहोचतात, पण त्यांत बहुतेक वेळ आतच बसून राहावं लागतं. मोठ्या बोटीच्या उघड्या डेकवरून एकेक बेट जवळ येताना बघणं हाच पहिला दिवस समजा.

महिना निवडताना पाऊस बघू नका, वारा बघा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा वाहतो. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि वारा मात्र असा की टोपी हातात धरून चालावं लागतं. जोर वाढला की बोटी बंद होतात, आधी लहान आणि वेगवान, मग मोठ्या. पावसाळ्यात आपल्या मांडव्याच्या लाँच बंद असतात हे आपल्याला माहीत असतं. तिथे स्वच्छ उन्हात बोट बंद होते, म्हणून लोक गोंधळतात. मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध चांगला. त्यातही पोहायचं असेल तर सप्टेंबरच, कारण मेमधलं पाणी आपल्या अंगाला फार गार लागतं.

तयारी मुंबईतच सुरू करा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत, म्हणून लवकर हात घाला. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. चालायचे बूट दोन महिने आधी घ्या आणि ते घालून चार-पाच रविवार बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चालत जा. तिथल्या पायऱ्या उतरताना बोटं पुढे घासली तर बूट बदला. नाक्सोसच्या गावांतल्या वाटांना संगमरवर लावलेला आहे, शेकडो वर्षांच्या पावलांनी तो गुळगुळीत झाला आहे. चपला तिथे घसरतात.

आता दिवस कसा लावायचा ते. सकाळ डोंगराची, दुपार झोपेची, संध्याकाळ समुद्राची. दुपारी दोन ते पाच गावंही मिटलेली असतात, तेव्हा तुम्हीही पडा. सप्टेंबरात साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये तर पावणेनऊ होतात, म्हणून घाई नसते.

सगळ्यांत उंच डोंगर झास, म्हणजे झ्यूसचाच. कळसूबाई चढलेल्यांना उंची कमी वाटेल, पण वाट उघडी आहे, सावली नाही. दोन वाटा आहेत. आरिया झऱ्याकडून गुहेवरून जाणारी वाट खड्या चढाची, सुट्या दगडांची. आग्या मरीना या छोट्या चर्चपासून निघणारी वाट सौम्य, दीड-दोन तासांची. गुडघा दुखरा असेल तर चढा-उतरायला तीच घ्या. वन्सं तिनेच गेल्या आणि आल्या. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मुंबईत घाम अंगावर राहतो, म्हणून तहान कळते. तिथली हवा कोरडी, घाम कपड्याला लागायच्या आत उडतो. आपण घामेजलोच नाही असं वाटतं आणि डोकं दुखायला लागतं. माणशी दोन लिटर पाणी बंदराजवळच्या नाक्सोस शहरातूनच घेऊन निघा आणि तहान नसतानाही घोट घेत राहा.

दुसरी सकाळ त्रागेआ खोऱ्याला द्या. बंदरासमोरच बसचं कार्यालय आहे. तिकीट चढण्याआधी घ्यायचं. रविवारी बस कमी असतात. हाल्की गावी उतरा आणि ऑलिव्हमधून जाणाऱ्या जुन्या दगडी पायवाटेने पनाग्या द्रोसिआनी या चर्चपर्यंत चाला. बेटावरच्या सर्वांत जुन्या चर्चपैकी हे एक. आत अंधार, आणि डोळे सरावले की भिंतीवरचे चेहरे दिसू लागतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. ओढणी जवळ ठेवली की काम होतं.

पण नाक्सोसला जाऊन काय चुकवू नये असं विचाराल तर मी आपोलोनासचा कुरोस सांगेन. बेटाच्या उत्तर टोकाला जुन्या खाणीत एक संगमरवरी पुरुष उताणा पडलेला आहे, साडेदहा मीटरहून लांब. इ.स.पू. ६ व्या शतकाच्या आसपास तो कोरायला घेतला आणि अर्धवटच सोडला. दाढीचा अंदाज येतो, पावलं कळतात, बाकी दगडच. तिथे उभी असताना मला घारापुरी आठवली. आपला सदाशिव सुमारे वीस फुटांचा. तो डोंगराच्या पोटातच कोरला, कुठे हलवायचाच नव्हता. कुरोसला खाणीतून सोडवून न्यायचं होतं. मोठ्या शिळेला न्यायच्या आधीच तडा गेला की सगळी मेहनत तिथेच संपते. एक मूर्ती पूर्ण का झाली आणि दुसरी का नाही, याचं उत्तर कारागिराच्या हाताइतकंच दगडात आणि वाहतुकीत असतं. वर्गात हे मी वर्षानुवर्षं सांगत आले, तिथे ते पायांशी पडलेलं होतं. लांबचा वळणावळणाचा रस्ता आहे. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन निघावं.

पोर्तारा, म्हणजे अपोलोच्या अपुऱ्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, बंदरालगतच आहे. सूर्यास्ताला तिथे फार गर्दी असते. पहाटे जा.

समुद्रासाठी आग्योस प्रोकोपियोस आणि प्लाका हे पश्चिमेचे किनारे. पोहणं, कयाक जे काही करायचं ते वारा उठायच्या आत, सकाळी नाहीतर वारा पडल्यावर संध्याकाळी. वाऱ्यावरचे खेळ शिकायचे असतील तर मिक्री विग्लाला जा. गिरगाव चौपाटीवर वाढलेल्या माणसाला एक नवल वाटेल: भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी पाणी जिथे असतं तिथेच संध्याकाळीही असतं, चटई हलवावी लागत नाही. खडकांपाशी मात्र काटेरी समुद्री अर्चिन असतात, तिथे रबरी बुटांशिवाय पाय टाकू नका.

शाकाहारींनी ‘निस्टीसिमो’ हा शब्द पाठ करावा. तो त्यांच्या उपवासाचा पदार्थ: मांस, अंडं, दूध नाही. पण कोळंबी आणि माकूळ त्यांच्या उपवासाला चालतात, म्हणून तेही नको असं स्पष्ट सांगा. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, नाक्सोसचे बटाटे आणि ग्राविएरा चीज यांवर आमचे सहा दिवस छान गेले. आणि बोलताना सावध. ‘ने’ म्हणजे हो, ‘ओही’ म्हणजे नाही. आपल्या कानाला दोन्ही उलटी ऐकू येतात. वन्संनी विचारलं, “यात मांस आहे?” मुलगी म्हणाली “ने”, आणि वन्संनी ताट पुढे ओढलं. मी वेळेत हात धरला.

परतीची बोट विमानाच्या दिवशी घेऊ नका. आमची सकाळची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली, संध्याकाळची मिळाली, आणि रात्री उशिरा पिरेअसला उतरलो. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं, अथेन्सची एक रात्र हातात ठेवलेली होती, म्हणून यजमानांनी टॅक्सीत डुलकी काढली आणि आम्ही दोघींनी पिशवीतलं उरलेलं ग्राविएरा संपवलं.