व्ह्यूफाइंडरला कोणता डोळा लावता? कॅमेरा, दुर्बीण आणि नेमबाजीतल्या या चुका टाळा

फोटो धूसर आला की आधी लेन्सवर संशय जातो, मग ऑटोफोकसवर, मग हात हलला असेल असं वाटतं. कॅमेऱ्यामागच्या डोळ्याचा विचार अगदी शेवटी येतो. बहुतेक कॅमेरे उजव्या हाताच्या, उजव्या डोळ्याच्या आणि चष्मा नसलेल्या माणसाला सोयीचे असतात. तुम्ही तसे नसाल तर डोळ्याला वळण लावत बसू नका, साधन डोळ्याला जुळवून घ्या.

डाव्या डोळ्याला सक्तीने उजवा करणं

हातांप्रमाणे डोळ्यांतही डावं-उजवं असतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरला की मेंदू एका डोळ्याच्या प्रतिमेला झुकतं माप देतो. तो आपला प्रबळ डोळा. साधारण दोन तृतीयांश लोकांचा तो उजवा असतो, बाकीच्यांपैकी बहुतेकांचा डावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा डोळा उजवाच असेल असं मुळीच नाही. ज्याचा नंबर कमी तोच प्रबळ, असंही नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. दोन्ही हात पुढे ताणा, तळवे समोर करून एकमेकांवर असे ठेवा की मध्ये लहानसं भोक राहील. दहा-बारा फुटांवरचं दिव्याचं बटण दोन्ही डोळ्यांनी त्या भोकात पकडा आणि मग एकेक डोळा मिटून पाहा. ज्या डोळ्याने पाहताना बटण भोकातच राहतं, तो प्रबळ. एका हाताच्या बोटाने नेम धरला किंवा वस्तू फार जवळची घेतली तर निकाल फसवा येऊ शकतो. नजर बाजूला वळल्यावरही प्रबळ डोळा बदलू शकतो, म्हणून मान सरळ ठेवून तीन-चारदा करा. दर वेळी वेगळं उत्तर आलं तरी घाबरू नका. काहींचे दोन्ही डोळे जवळपास बरोबरीचे असतात.

फोटोग्राफी शिकणाऱ्याला ‘उजवाच डोळा लाव’ असं बजावणारे भेटतात. हा सल्ला मला पटत नाही. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याला लावायच्या खिडकीतून, एकाच डोळ्याने पाहायचं असतं, त्यामुळे जो डोळा स्वच्छ आणि न थकता पाहतो तो योग्य. डावा डोळा लावणाऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या कॅमेऱ्याच्या घडणीतून येतात. नाक मागच्या टचस्क्रीनला टेकतं आणि फोकसचा चौकोन भलतीकडे उडी मारतो. अनेकांना वाटतं की ऑटोफोकस बिघडला. मेनूमध्ये जाऊन स्पर्शाने फोकस हलवण्याची सोय बंद करा, किंवा बऱ्याच कॅमेऱ्यांत असतं तसं स्पर्शाचं क्षेत्र स्क्रीनच्या नाक न टेकणाऱ्या भागापुरतं ठेवा.

खरेदीतही याचा विचार हवा. लायका एम, फुजीची एक्स-100 मालिका, सोनीचे ए-6000 मालिकेतले कॅमेरे यांचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात असतो. उजवा डोळा लावणाऱ्याचं नाक कॅमेऱ्याबाहेर मोकळं राहतं, डावा लावणाऱ्याचा चेहरा मात्र पूर्ण पाठीवर येतो आणि अंगठ्याला जागा उरत नाही. अशांना मधोमध व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा बरा पडतो. दुकानात तो हातात घेऊन नुसता न्याहाळू नका, डोळ्याला लावून बटणं दाबून पाहा.

डायॉप्टरची चकती विसरणं

माझ्या मते सगळ्यांत जास्त त्रास ही एवढीशी चकती देते. डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवण्यासाठी ती त्याच्या शेजारी असते, बॅगेत घासून सहज फिरते, आणि मग सगळं पुसट दिसू लागतं. पहिली परीक्षा अशी: काढलेला फोटो संगणकावर मोठा करून पाहा. फोटो लख्ख असेल तर फोकस ठीक आहे, बिघाड व्ह्यूफाइंडरच्या जुळणीत आहे.

जुळवताना लोक समोरच्या झाडाकडे बघत चकती फिरवतात. तिथेच चुकतं. व्ह्यूफाइंडरमधले शटर स्पीडचे आकडे किंवा फोकसच्या चौकोनाच्या रेषा स्पष्ट आणि कडक दिसेपर्यंत फिरवायचं. चष्मा लावून फोटो काढत असाल तर जुळणीही चष्मा लावूनच करा. चकतीची मर्यादा असते, अनेक कॅमेऱ्यांत साधारण उणे 3 ते अधिक 1. त्यापलीकडचा नंबर ती भरून काढत नाही, आणि सिलिंड्रिकल नंबर तर अजिबात नाही. अशांनी चष्मा ठेवावा आणि कॅमेरा निवडताना आयपॉइंटचा, म्हणजे डोळा किती लांब ठेवूनही पूर्ण चौकट दिसते त्याचा, आकडा बघावा. तो 20 मिलिमीटरच्या वर असेल तर चष्म्यातूनही चौकटीचे कोपरे दिसण्याची शक्यता वाढते.

प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी एक गोम आहे. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखं दिसतं. काचेच्या वरच्या भागातून पाहिलं तर दूरचा नंबर लागतो, खालच्या भागातून पाहिलं तर वाचायचा. हनुवटी थोडी वर-खाली झाली की दिसणं बदलतं. मान सरळ ठेवून काचेच्या मधल्या भागातून जुळवा आणि फोटो काढतानाही तीच ठेवण ठेवा.

उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर मागच्या स्क्रीनवर फोटो अंधारा वाटतो, आपण एक्सपोजर वाढवतो आणि घरी आल्यावर आकाश पांढरंफटक निघतं. हिस्टोग्रामवर, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, विश्वास ठेवा. पोलराइज्ड गॉगलमधून तर कॅमेरा उभा-आडवा करताना एका बाजूला स्क्रीन काळीच पडू शकते. ती बिघडलेली नसते.

डोक्यातून उगवलेला खांब

दोन डोळ्यांमुळे माणूस जवळ आणि मागचा खांब लांब हे अंतर आपल्याला आपोआप कळतं. कॅमेऱ्याला एकच डोळा, म्हणून फोटोत खांब डोक्याला चिकटतो. क्लिक करण्याआधी एक डोळा मिटून दृश्य पाहा, चौकटीतला गोंधळ लगेच उघडा पडतो. लहानपणापासून तिरळेपणा असलेल्या किंवा एकाच डोळ्याने दिसणाऱ्या अनेकांसाठी जग बरंचसं असंच असतं. फोटोग्राफी आपल्यासाठी नाही, असं त्यांनी मुळीच समजू नये.

रंगांवर आंधळा भरवसा

लाल-हिरव्या रंगांची गल्लत प्रामुख्याने पुरुषांत आढळते. फोकस पीकिंगच्या (फोकसमध्ये असलेल्या कडा रंगवून दाखवण्याच्या सोयीच्या) लाल रेषा दिसत नसतील तर त्या पिवळ्या किंवा पांढऱ्या करा. एडिटिंग करताना त्वचेचा रंग नजरेने ठरवण्यापेक्षा ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचा करडा पुठ्ठा) आणि रंगांचे आकडे वापरा. मोतीबिंदू वाढताना डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि रंगांचा अंदाज हळूहळू बदलतो, इतका हळू की आपल्या ध्यानात येत नाही. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया 1923 मध्ये झाली, आणि त्यानंतर रंग वेगळेच दिसतात ही त्यांची तक्रार होती. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर एकेका डोळ्याने पांढरा कागद पाहा, फरक कळेल.

दुर्बिणीतून दोन दोन पक्षी

भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला गेलेल्यांच्या हातात चांगली दुर्बीण असते, पण ती जुळवलेली नसते. आधी नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक करा. मग उजव्या नळीचं तोंड हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा. नंतर डावी नळी झाकून उजवीकडचं कडं फिरवा. डोळा आवळून मिटू नका, त्याने दुसऱ्यावरही ताण येतो. चष्मा असेल तर आयकप, म्हणजे डोळ्याकडची रबरी कडी, खाली करा. एवढं करूनही दोन प्रतिमा दिसल्या तर दुर्बीण दुसऱ्याला द्या. त्यालाही दोन दिसत असतील तर ती कधीतरी पडून आतून हलली आहे. त्याला एकच दिसत असेल तर डोळे तपासून घ्या.

नेमबाजीत मात्र प्रबळ डोळा टाळता येत नाही

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसळे या कोल्हापूरच्या नेमबाजांमुळे कितीतरी मुलं रेंजवर येऊ लागली. त्यांच्या पालकांना कळकळीने सांगावंसं वाटतं: रायफल घेऊन देण्याआधी डोळा तपासा. हात उजवा आणि डोळा डावा असेल तर सुरुवातीलाच रायफल डाव्या खांद्याला लावून पाहता येते. नाहीतर नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढे पांढरट पट्टी लावतात. तो डोळा उघडाच राहतो, फक्त त्याला लक्ष्य दिसत नाही. डोळा घट्ट मिटून तासन्‌तास सराव करणं ही सवय मोडायला फार जड जाते.

सगळंच सेटिंगवर ढकलू नका

व्ह्यूफाइंडरमध्ये इमारतीच्या सरळ रेषा एकाच डोळ्याला वाकड्या किंवा लाटांसारख्या दिसत असतील आणि फोटोत त्या सरळ असतील, तर तो लेन्सचा दोष नाही. दृष्टिपटलाची तपासणी लवकर करून घ्या. अचानक प्रकाशाच्या चमका, काळ्या ठिपक्यांचा सडा किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कोणाला तरी सोबत घ्या.