अचानक खराब रेटिंग मिळालं, तर पुढचं कसं ठरवावं

अप्रेझलमध्ये, म्हणजे कंपनीतल्या कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, अनपेक्षित झटका बसला की त्याच रात्री राजीनामा लिहायला घेणारे मी बरेच पाहिले आहेत. कृपा करून तो लिहू नका. निदान दोन आठवडे तरी थांबा. अप्रेझलच्या कागदावर लगेच सही मागितली, तर ‘वाचलं’ एवढाच त्या सहीचा अर्थ आहे का, हे विचारून घ्या. पटलं नसेल तर तसं लिहूनच सही करा.

मी सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टिंग टीमची लीड आहे आणि ज्या बैठकीत रेटिंग पक्की होतात तिथे बसते. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे प्रत्येक मॅनेजर आपल्या माणसासाठी भांडतो. ज्याच्याबद्दल सांगायला ठोस उदाहरण नसतं, तो खाली सरकतो. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत जॅक वेल्च प्रमुख असताना कर्मचाऱ्यांची वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के अशी विभागणी रूढ झाली. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली, पण बेल कर्व्ह, म्हणजे मोजक्यांना वरचं, बहुतेकांना मधलं आणि काहींना खालचं रेटिंग द्यायचंच ही पद्धत, अजून अनेक ठिकाणी आहे. शिवाय २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे साडेचार हजार मॅनेजरांना मिळालेले गुण तपासले, तेव्हा गुणांमधला निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या मोजमापामुळे पडलेला दिसला. म्हणून नुसत्या आकड्यावरून करिअर बदलायचं नाही.

मग बघायचं काय? मॅनेजरकडे वेगळा वेळ मागा आणि तीन प्रश्न लिहून न्या. मी नेमक्या कोणत्या कामांत कमी पडलो? याच जागी वरचं रेटिंग मिळवणाऱ्याने काय वेगळं केलं असतं? आणि हे तुमच्या पहिल्यांदा लक्षात कधी आलं? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तर ‘गेल्याच महिन्यात’ असं आलं, तर वर्षभराचं काम बाजूला राहून शेवटची एक घटना मोजली गेली आहे. उत्तर ‘बऱ्याच आधी’ असेल, तर तेव्हाच का सांगितलं नाही, हे शांतपणे विचारा. तो तुमचा हक्क आहे. वाद घालू नका, लिहून घ्या, आणि त्याच दिवशी मुद्दे मेलने पाठवा.

आता मिळालेल्या उत्तरांकडे बघा. कौशल्य कमी पडत असेल तर ते शिकता येतं, त्यासाठी क्षेत्र सोडायचं कारण नाही. काम झालं पण दिसलं नाही, हे मला फार वेळा आढळतं. माझ्या टीममध्ये आलेल्या एका मुलीचं आधीच्या टीममध्ये असंच झालं होतं. ती वर्षभर ऑटोमेशनच्या स्क्रिप्ट, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणारे प्रोग्राम, लिहीत होती आणि गोल शीटवर, म्हणजे वर्षाची उद्दिष्टं लिहिलेल्या कागदावर, मात्र हाताने चालवलेल्या टेस्ट केसेसची संख्या होती. तिला गोल शीट बदलून घ्यायची गरज होती, टीम बदलली तरी चाललं असतं; टेस्टिंग सोडायची गरज अजिबात नव्हती.

तिसरी शक्यता जड असते: काम येतं, दिसतं, पण मन उडालं आहे. दोन आठवडे रोज संध्याकाळी लिहा, आज कोणतं काम टाळलं आणि कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही. मग स्वतःला विचारा, हेच काम चांगल्या मॅनेजरच्या हाताखाली मिळालं तर करावंसं वाटेल का? ‘हो’ असेल तर जागा बदला. ‘नाही’ असेल तर क्षेत्र बदलण्याचा विचार खरा आहे. ज्या कामात वेळ कळला नाही, तिथून शोध सुरू करा. त्या कामातल्या दोन-तीन माणसांना भेटा, त्यांचा रोजचा दिवस कसा जातो ते ऐका.

पीआयपी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवण्याचा लेखी आराखडा, हातात दिला असेल तर मुदत बहुधा ३०, ६० किंवा ९० दिवसांची असते. तेव्हा दिलेलं काम मनापासून करा आणि बाहेर अर्जही सुरू ठेवा. कंपनीतच टीम बदलायची असेल तर आधी एचआरला नियम विचारा, कारण कमी रेटिंगवर बदली अडवणाऱ्या कंपन्या आहेत.

राजीनामा द्यायचाच ठरला तर नवीन ऑफर लेटर हातात आल्यावर द्या. मुलाखतीत जुन्या मॅनेजरची तक्रार नको. रेटिंगबद्दल विचारलं तर खरं सांगा: काय म्हणणं होतं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत.