बॅटरीवर चालणारा वायरलेस डेटा लॉगर कसा बनवावा

डेटा लॉगरचं मुख्य काम म्हणजे ठरलेल्या वेळी मोजमाप घेणं आणि ते हरवू न देणं. मोजमाप बिनतारी पाठवता येणं ही त्यावरची सोय आहे. राउटर कधीतरी बंद पडतो, सर्व्हर कधीतरी उत्तर देत नाही, आणि नेमक्या त्याच वेळची नोंद नंतर हवी असते. म्हणून इथे बनवायचा लॉगर प्रत्येक नोंद आधी स्वतःजवळ लिहील, मग पाठवेल, आणि पोहोचल्याची पावती आल्याशिवाय काहीही पुसणार नाही. पुढचे सगळे निर्णय याच एका अटीवर घेतले आहेत.

आपलं लक्ष्य असं: दर १० मिनिटांनी तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजायचा, तासातून एकदा वाय-फायवरून पाठवायचा, आणि एका १८६५० लिथियम-आयन सेलवर हे काम महिनोन्‌महिने चालवायचं.

साहित्य

मायक्रोकंट्रोलर म्हणून ईएसपी३२ घ्या. वाय-फाय चिपमध्येच असतं आणि डीप स्लीपमध्ये (चिपचे बहुतेक भाग बंद ठेवणाऱ्या गाढ झोपेत) चिप स्वतः साधारण १० मायक्रोअँपिअर इतकाच करंट घेते. सेन्सरसाठी बॉशचा बीएमई२८० उत्तम, कारण तिन्ही गोष्टी तो एकटा मोजतो. शिवाय सुरक्षा सर्किट असलेला १८६५० सेल, सेल होल्डर, चार्जिंग मॉड्यूल, ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर आणि जोडणीच्या तारा.

सेन्सर घेताना एक खबरदारी घ्या. बीएमई२८० म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉड्यूलवर अनेकदा बीएमपी२८० बसवलेला असतो, आणि तो आर्द्रता मोजतच नाही. दिसायला दोन्ही जवळपास सारखे. चिपचा ओळख क्रमांक वाचून खात्री करा: बीएमई२८० असेल तर हेक्स (१६ पायाच्या संख्यापद्धतीत) ६० मिळतो, बीएमपी२८० असेल तर हेक्स ५८.

बोर्ड निवडताना इथे थांबा

बॅटरी किती टिकेल हे प्रोग्रॅमच्या आधी बोर्ड ठरवतो. नेहमीच्या डेव्हलपमेंट बोर्डवर ईएसपी३२ सोबत यूएसबी चिप, पॉवरचा एलईडी आणि एएमएस१११७ जातीचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असतो. हा रेग्युलेटर काहीही काम नसताना स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. चिप झोपली तरी बोर्ड जागाच राहतो.

हिशेब मांडून बघू. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमधले २००० वापरता येतात असं धरा. दर १० मिनिटांनी १ सेकंद जागं राहून मोजमाप आणि नोंद (सुमारे ४० मिलिअँपिअर), आणि तासातून एकदा ५ सेकंद वाय-फाय (सरासरी १२० मिलिअँपिअर). हे मिळून तासाला ०.२३ मिलिअँपिअर-तास होतात. झोपेचा खर्च ०.०२ असेल तर सेल जवळपास ११ महिने चालतो. दर १० मिनिटांनी वाय-फाय लावलं तर तोच सेल अडीच महिन्यांच्या आसपास संपतो. आणि बोर्ड झोपेतही ५ मिलिअँपिअर खात असेल, तर वाय-फायची कितीही काटकसर करा, १६ दिवसांत खेळ खलास.

म्हणून बॅटरीसाठीच बनवलेला, झोपेत कमी करंट घेणारा रेग्युलेटर असलेला बोर्ड घ्या. विकत घेण्याआधी डीप स्लीपमधला आकडा संपूर्ण बोर्डचा दिला आहे की फक्त चिपचा, हे जरूर तपासा.

जोडणी

सेन्सरचा व्हीसीसी ३.३ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, एसडीए जीपीआयओ २१ ला (म्हणजे चिपच्या २१ क्रमांकाच्या पिनला) आणि एससीएल जीपीआयओ २२ ला जोडा. एसडीए आणि एससीएल या दोन तारांच्या जोडणीला आयटूसी म्हणतात. तिच्यावरचा सेन्सरचा पत्ता मॉड्यूलनुसार हेक्स ७६ किंवा ७७ असतो. सेन्सर सापडत नसेल तर तारा उपटण्याआधी दुसरा पत्ता वापरून पाहा. जीपीआयओ ६ ते ११ फ्लॅश मेमरीसाठी राखीव आहेत, त्यांना हात लावू नका. जीपीआयओ १२ सुरू होताना वरच्या पातळीला खेचला गेला तर बोर्ड बूटच होत नाही, म्हणून तोही मोकळा ठेवा.

वाय-फाय सुरू होताना करंट क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. सेल थोडा जुना किंवा तार बारीक असेल तर व्होल्टेज कोसळतं आणि चिप रीसेट होते. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये, चिपच्या शक्य तितका जवळ लावा.

पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो आणि ईएसपी३२ ची मर्यादा ३.६ आहे. त्यामुळे सेल थेट ३.३ व्होल्टच्या पिनला कधीही जोडू नका. तो नेहमी रेग्युलेटरमार्गेच आला पाहिजे.

बॅटरीचं व्होल्टेज मोजायला दोन रेझिस्टरचा, व्होल्टेज निम्मं करणारा विभाजक करा आणि मधला बिंदू जीपीआयओ ३४ वर आणा. व्होल्टेज मोजणारे एडीसी१ आणि एडीसी२ असे दोन भाग चिपमध्ये असतात. वाय-फाय सुरू असताना एडीसी२ च्या पिना वापरता येत नाहीत, ३४ एडीसी१ वर आहे. इथे १०० किलोओहमचे रेझिस्टर वापरले तर त्यांतूनच अखंड २१ मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे झोपलेल्या चिपच्या दुप्पट. म्हणून १ मेगाओहम, आणि वाचन स्थिर राहावं म्हणून मधल्या बिंदूपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरड.

ब्रेडबोर्डवर सगळं चाललं की जोडणी सोल्डर करून घ्या. ब्रेडबोर्डची पकड काही आठवड्यांत सैल होते, आणि अधूनमधून होणारा दोष शोधणं सगळ्यात त्रासाचं.

प्रोग्रॅमचा क्रम

आर्डुइनो आयडीई पुरेसा आहे. जागं झाल्यावर चिपने पुढच्या क्रमाने काम करावं:

१. सेन्सर फोर्स्ड मोडमध्ये वाचा. एकदा मोजून तो पुन्हा झोपतो, त्यामुळे स्वतःच्या उष्णतेने तापत नाही.

२. नोंद तयार करा: अनुक्रमांक, वेळ, तापमान, आर्द्रता, दाब, बॅटरी. दशांश टाळून तापमान शंभर पट करून पूर्णांकात ठेवलं तर सगळं १६ बाइटांत सहज मावतं.

३. ती लगेच फ्लॅशवर, लिटलएफएस फाइल प्रणालीत लिहा. लिहिता लिहिता वीज गेली तरी आधीचा डेटा शाबूत राहावा अशीच तिची रचना आहे. दिवसाला एक फाइल ठेवा. १४४ नोंदींना २३०४ बाइट लागतात, म्हणजे १ मेगाबाइटमध्ये अनेक महिन्यांचा डेटा राहतो.

४. दर सहाव्या वेळी वाय-फाय लावा आणि न पोहोचलेल्या नोंदी एचटीटीपी पोस्टने (वेब सर्व्हरला डेटा देण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) पाठवा. सर्व्हरने उत्तरात शेवटचा मिळालेला अनुक्रमांक परत द्यावा. तो साठवा आणि पुढच्या वेळी तिथून पुढे पाठवा.

५. १० सेकंदांत नेटवर्क मिळालं नाही तर प्रयत्न सोडून झोपा. इथे मर्यादा घातली नाही, तर बंद राउटरची वाट बघत चिप एका दिवसात सेल रिकामा करते.

डीप स्लीपमध्ये साधे व्हेरिएबल पुसले जातात. अनुक्रमांक आणि फेऱ्यांची मोजणी आरटीसी मेमरीत (झोपेतही वीज मिळणाऱ्या छोट्या मेमरीत) ठेवा. ती झोपेत टिकते, बॅटरी काढल्यावर मात्र टिकत नाही. तेव्हा बूट होताना शेवटचा अनुक्रमांक फाइलमधून वाचून घ्या. पावती हरवली तर सर्व्हरकडे तीच नोंद दोनदा जाईल, पण अनुक्रमांक असल्यामुळे तिथे दुसरी प्रत गाळता येते.

एचटीटीपीऐवजी एमक्यूटीटी ही छोट्या संदेशांची पद्धतही चालेल. मात्र आर्डुइनोची लोकप्रिय पबसबक्लायंट लायब्ररी संदेश फक्त क्यूओएस ० या सर्वांत खालच्या खात्रीच्या पातळीने पाठवते, म्हणजे पोहोचल्याची पावती मिळत नाही. आपल्या अटीला ते पुरत नाही.

वेळ

वेळ चुकली तर अचूक मोजमापही वाया जातं. झोपेत ईएसपी३२ चं अंतर्गत घड्याळ तापमानानुसार मागेपुढे सरकतं. १ टक्का फरक पडला तरी तासाला ३६ सेकंद होतात. दर तासाला वाय-फाय लागतंच, तेव्हा एनटीपीवरून (इंटरनेटवरून वेळ देणाऱ्या सेवेवरून) घड्याळ जुळवा. वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, स्थानिक वेळ आलेख काढताना करा. १९७० सालची नोंद दिसली तर बॅटरी निसटून घड्याळ शून्यावर गेलं होतं, असं समजावं.

जिथे नेटवर्क दिवसेंदिवस नसतं तिथे डीएस३२३१ हे स्वतंत्र घड्याळ लावा. सामान्य तापमानात त्याची चूक दशलक्षात २, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट.

तपासणी आणि जागा

आर्द्रतेची तपासणी मिठाने करता येते. छोट्या झाकणात मीठ घेऊन ते विरघळणार नाही इतपत पाण्याने ओलं करा आणि सेन्सरसोबत हवाबंद डब्यात ठेवा. पाणी सेन्सरला लागू देऊ नका. रात्रभराने आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. लॉगर त्यापासून जितका दूर दाखवेल तितकी दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये घाला.

सेन्सर चिपच्या शेजारी बसवू नका, १०-१५ सेंटीमीटर तार देऊन बाहेर काढा. उघड्यावर ठेवायचा असेल तर पांढरं, झडपांचं, हवा खेळती ठेवणारं आवरण हवंच. ऊन थेट पडलं तर तो हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. हवामान केंद्रांत तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर असतो, तीच उंची तुम्हीही धरा. चिप आणि बॅटरी वेगळ्या बंद डब्यात ठेवा. हा डबा प्लास्टिकचा हवा, धातूचा वाय-फाय अडवतो.

कायमचं बसवण्याआधी राउटर मुद्दाम काही तास बंद ठेवा, मग चालू करा आणि सर्व्हरवर सलग अनुक्रमांक आले का ते पाहा. नंतर चालू लॉगरचा सेल काढून परत लावा आणि पुन्हा तेच तपासा. दोन्ही वेळा एकही क्रमांक गळला नाही तर लॉगर जागेवर लावा, आणि बॅटरी ३.४ व्होल्टच्या खाली गेली की सर्व्हरने तुम्हाला कळवावं अशी सूचना लावून ठेवा.