नोव्हेंबर-डिसेंबरचं कॉलेज बास्केटबॉल: कॉन्फरन्स विरुद्ध कॉन्फरन्स सामने कसे वाचायचे

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल म्हटलं की मार्चची बाद फेरी आठवते. पण मार्चमध्ये कुठल्या कॉन्फरन्सचे (कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांचा लीगसारखा गट) किती संघ दिसणार, हे बरंचसं नाताळच्या आतच ठरून गेलेलं असतं. जानेवारीपासून संघ जवळजवळ सगळे सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये खेळतात. तिथे एक जिंकला की दुसरा हरतोच, म्हणून कॉन्फरन्सची गोळाबेरीज निम्मे विजय, निम्मे पराभव एवढीच राहते. एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) वरचढ की एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स), याचा पुरावा पहिल्या सात-आठ आठवड्यांतच गोळा होतो. पुढे तोच पुरावा मार्चपर्यंत वापरला जातो.

२०२४-२५ चा हंगाम हे याचं ठसठशीत उदाहरण. डिसेंबर २०२४ मधलं एसीसी-एसईसी चॅलेंज, म्हणजे या दोन कॉन्फरन्सच्या संघांमधली वार्षिक मालिका, एसईसीने १४-२ असं जिंकलं. एसीसीकडून जिंकले ते दोघंच, ऑबर्नला ८४-७८ ने हरवणारा ड्यूक आणि केंटकीला ७०-६६ ने हरवणारा क्लेम्सन. कॉन्फरन्सबाहेरच्या नियमित सामन्यांत एसईसीची एकूण कामगिरी १८५ विजय, २३ पराभव. मार्चमध्ये ६८ संघांच्या स्पर्धेत एसईसीच्या १६ पैकी १४ संघांना जागा मिळाली. हा विक्रम होता. एसीसीच्या १८ पैकी चारच संघ आत गेले. जानेवारी-फेब्रुवारीत एसईसीचे संघ एकमेकांकडून भरपूर हरले, पण हरवणाराही वरच्याच क्रमांकाचा असल्यामुळे त्या पराभवांनी कुणाचं फारसं बिघडलं नाही.

वेळ आणि वेळापत्रक

हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर पूर्व किनाऱ्याच्या वेळेत साडेदहा तास मिळवले की भारतीय वेळ मिळते. संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५.३० ला, रात्री ९ चा सकाळी ७.३० ला. स्टॅनफर्ड किंवा कॅलिफोर्नियाचा घरचा सामना तिथल्या वेळेनुसार रात्री ८ ला असेल, तर तो आपल्याकडे सकाळी ९.३० ला लागतो, म्हणजे पुण्या-मुंबईत ऑफिसच्या वेळेत. गोंधळ तारखेचा होतो. वेळापत्रकात मंगळवार दिसतो आणि आपल्याकडे बुधवार उजाडलेला असतो. वेळापत्रकात मध्य विभागाची वेळ दिली असेल तर आधी एक तास मिळवा. अलाबामा, टेक्सस, मिसिसिपीचे यजमान बहुधा तीच वेळ देतात.

एसीसी-एसईसी चॅलेंज २०२३ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९९९ पासून एसीसीची गाठ बिग टेन या आणखी एका कॉन्फरन्सशी पडायची. बिग टेनचा प्रक्षेपण करार बदलला आणि ती मालिका २०२२ मध्ये संपली. जोड्या लावताना प्रक्षेपणाचा विचार मोठा असतो, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा. तगडा संघ तगड्यासमोर उभा केला जातो आणि यजमानपद दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं. एसईसीचे संघ १६ आणि एसीसीचे १८, म्हणून एसीसीचे दोन संघ दर वर्षी बाहेर बसतात. ते बाहेर बसलेले दोघं तळाचे असतील तर एसीसीचा आकडा आपोआप थोडा बरा दिसतो.

सामन्याआधी: अंदाज लिहून ठेवा

नुसता निकाल पाहून काही कळत नाही. निकाल अपेक्षेपेक्षा किती वेगळा लागला, हे पाहावं लागतं. त्यासाठी दोन्ही संघांचं समायोजित रेटिंग (प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरून काढलेला आकडा) हवं. केनपॉम ही साइट त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथला बराचसा भाग वर्गणीदारांसाठी आहे. बार्ट टॉर्विकची साइट फुकट आहे आणि तिथे तारखेनुसार गाळणीही लावता येते. रेटिंग दर शंभर पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात आल्याच्या शंभर खेपांमागे, असतं. समजा यजमान संघ +२४ आणि पाहुणा +१२ आहे. फरक १२ चा. सामना साधारण ७० पझेशनचा होईल असं धरलं तर १२ × ०.७० = ८.४. घरच्या कोर्टाचे तीन गुण मिळवले की अंदाज ११.४. यजमान चारच गुणांनी जिंकला, तर बातमीत विजय त्याचा असला तरी तुमच्या वहीत पाहुण्याच्या नावावर सातच्या वर गुण जमा होतात.

यात फसायला होतं ते दोन ठिकाणी. नोव्हेंबरमधलं रेटिंग मुख्यतः हंगामपूर्व अंदाजावर उभं असतं आणि प्रत्यक्ष खेळाचं वजन आठवड्यागणिक वाढत जातं. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) अर्धा संघ नवा असतो, त्यामुळे ‘मागच्या वर्षी हे चांगले होते’ या वाक्याला फारशी किंमत उरलेली नाही. मागच्या हंगामातली किती मिनिटं खेळणारे खेळाडू परत आलेत, एवढं तरी पाहून घ्या. दुसरं ठिकाण म्हणजे दुखापती. मुख्य बॉल हँडलर (चेंडू पुढे नेऊन आक्रमण रचणारा) बाहेर असेल तर वहीत त्या ओळीवर खूण करा. मार्चच्या स्पर्धेची निवड समितीही खेळाडूंची उपलब्धता विचारात घेते.

‘तटस्थ’ कोर्टाकडेही जरा संशयाने बघावं. ड्यूक मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये किंवा कॅन्सस कॅन्सस सिटीत खेळतो तेव्हा कागदावर कोर्ट तटस्थ असतं, पण प्रेक्षक तटस्थ नसतात. अशा वेळी तीनऐवजी एक-दीड गुण देणं रास्त.

सामना चालू असताना

पुरुषांच्या कॉलेज सामन्यात २० मिनिटांचे दोन हाफ असतात आणि शॉट क्लॉक ३० सेकंदांचा. प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा टीव्हीचा टाइमआउट होतो. टिपणं काढायला याहून सोयीची जागा नाही. प्रत्येक वेळी स्कोअर, दोन्ही संघांचे फाउल आणि दोन फाउल झालेले खेळाडू लिहा. इथे पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, एनबीएसारखा सहाव्याला नाही. त्यामुळे पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झालेल्या सेंटरला बरेच कोच हाफटाइमपर्यंत बसवून ठेवतात. त्या दहा मिनिटांत पडलेला फरक संघाच्या कुवतीबद्दल फारसं सांगत नाही.

दोन मिनिटं उरलेली असतानाची आघाडी वेगळी लिहा. मागे पडलेला संघ शेवटी मुद्दाम फाउल करतो. हाफमधल्या सातव्या फाउलपासून वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा) आणि दहाव्यापासून थेट दोन फ्री थ्रो मिळतात. त्यामुळे चार गुणांची आघाडी बघता बघता दहाची होते. अंतिम स्कोअरपेक्षा दोन मिनिटं आधीचा स्कोअर बऱ्याचदा जास्त खरं बोलतो.

सामन्यानंतर: बॉक्स स्कोअरवर दहा मिनिटं

आधी पझेशन काढा. सूत्र असं (आक्रमक रिबाउंड म्हणजे आपलाच चुकलेला शॉट पुन्हा मिळवणं, टर्नओव्हर म्हणजे शॉट न घेताच चेंडू गमावणं):

पझेशन = घेतलेले शॉट − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर + (०.४७५ × घेतलेले फ्री थ्रो)

काल्पनिक संघ ‘अ’ घेऊ. ६० शॉट, १० आक्रमक रिबाउंड, १२ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो. ६० − १० + १२ + ९.५ = ७१.५ पझेशन. त्याने ८४ गुण केले, म्हणजे दर शंभर पझेशनमागे ११७.५. समोरच्या संघाने तेवढ्याच पझेशनमध्ये ७८ केले, म्हणजे १०९. हे गणित दोन्ही संघांसाठी वेगवेगळं करा. उत्तरांत एक-दोनपेक्षा जास्त फरक आला तर आकडा चुकला समजा. बहुतेक वेळा आक्रमक रिबाउंडच्या जागी एकूण रिबाउंड टाकलेले असतात.

मग चार गोष्टी पाहा: शॉटची परिणामकारकता, टर्नओव्हरचं प्रमाण, आक्रमक रिबाउंडचं प्रमाण आणि फ्री थ्रो किती कमावले. ‘अ’ ने ६० पैकी २८ शॉट मारले आणि त्यातले १० तीन गुणांचे, तर तीन गुणांचा शॉट दीड धरून परिणामकारक टक्केवारी (२८ + ५) ÷ ६० = ५५. टर्नओव्हर १२ ÷ ७१.५, म्हणजे सुमारे १७ टक्के. समोरच्यांनी २२ बचावात्मक रिबाउंड घेतले असतील तर आक्रमक रिबाउंडचं प्रमाण १० ÷ ३२, म्हणजे ३१ टक्के.

या चारांतलं पुढच्या सामन्यातही टिकतं काय आणि वाऱ्यावर उडतं काय, इथेच नवा प्रेक्षक घसरतो. टर्नओव्हर, रिबाउंड आणि बाहेरून किती शॉट घेतले हे बरंचसं टिकतं. बाहेरचे किती पडले हे टिकत नाही. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या स्तरावर, तीन गुणांच्या शॉटची सरासरी ३३-३४ टक्के असते. ‘अ’ ने २० पैकी १० मारले. ३४ टक्क्यांनी सातच्या आत पडले असते. वरच्या तीनेक शॉटचे साडेनऊ गुण होतात. चुकलेल्यांतले काही रिबाउंड आपल्याच हाती आले असते म्हणून एक गुण परत द्या. उरले साडेआठ. विजय सहा गुणांचाच होता! तरी सगळे साडेआठ कापू नका, कारण काही संघांकडे खरोखरच नेमबाज असतात. निम्मे कापणं हा ठीक मध्यममार्ग आहे.

वर आलेला ड्यूक-ऑबर्न सामना याच नजरेने पाहण्यासारखा आहे. बाकावरून आलेल्या आयझाया इव्हान्सने पहिल्या हाफमध्ये सहा थ्री मारले. त्याचे १८ गुण तेवढ्याचेच. विजय सहा गुणांचा, त्यात घरच्या कोर्टाचे तीन. तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या ऑबर्नला या निकालानंतर खाली ढकलायला वहीत फारसं कारण सापडत नाही. मार्चमध्ये दोन्ही संघांना पहिलं सीड (मानांकन) मिळालं आणि दोघंही फायनल फोरपर्यंत (उपांत्य फेरीपर्यंत) गेले. उलट अलाबामाने त्याच रात्री नॉर्थ कॅरोलायनाला त्यांच्याच कोर्टवर ९४-७९ ने हरवलं, तेव्हा घरच्या कोर्टाचा हिशोब धरून फरक १८ चा झाला. नेमबाजीचा वाटा कापूनही त्यातलं बरंच उरतं.

कॉन्फरन्सची बेरीज

८-८ किंवा ९-७ अशा निकालावरून कुठली कॉन्फरन्स सरस हे ठरवू नका. प्रत्येक सामन्यातला ‘प्रत्यक्ष वजा अंदाज’ एका बाजूच्या नजरेने लिहा आणि सोळांची सरासरी काढा. एका सामन्यात अंदाज दहा-अकरा गुणांनी चुकणं नेहमीचंच आहे. सोळा सामन्यांच्या सरासरीत ही चूक एक चतुर्थांशावर, म्हणजे पावणेतीन गुणांच्या आसपास येते. म्हणून सरासरी दोन आली तर गप्प बसा, पाच-सहा आली तर मात्र एका कॉन्फरन्सची रेटिंगं मुळातच चुकलेली आहेत.

१८५-२३ सारखा आकडा पाहताना त्यातले पैसे देऊन बोलावलेल्या छोट्या कॉलेजांविरुद्धचे घरचे सामने बाजूला काढा. मोठ्या कॉन्फरन्सविरुद्धची कामगिरी वेगळी लिहिली नाही तर सगळेच राजे दिसतात.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या स्पर्धांना वजन थोडं कमी द्या. हवाईतल्या माउईसारख्या ठिकाणी तीन दिवसांत तीन सामने होतात आणि तिसऱ्या दिवशी पाय दमलेले असतात. लागोपाठ दोन वर्षं मार्चची स्पर्धा जिंकलेला युकॉन (कनेटिकट विद्यापीठ) २०२४ मध्ये तिथे मेम्फिस, कोलोरॅडो आणि डेटनकडून तिन्ही सामने हरला. पहिला ओव्हरटाइममध्ये ९९-९७ ने आणि दुसरा ७३-७२ ने. तिसरा मात्र ८५-६७, आणि तीन दिवसांतला तिसरा म्हणून थोडी सूट दिली तरी तो पराभव बोलका होता.

नेट आणि क्वाड्रंट

निवड समितीच्या कागदावर सामने चार गटांत (क्वाड्रंट, थोडक्यात क्वाड) मांडलेले असतात. गट प्रतिस्पर्ध्याच्या नेट (समिती वापरते ती संघांची क्रमवारी) क्रमांकावर आणि ठिकाणावर ठरतो. क्वाड १ म्हणजे घरी १ ते ३०, तटस्थ कोर्टवर १ ते ५०, परक्या कोर्टवर १ ते ७५. क्वाड २ म्हणजे घरी ३१ ते ७५, तटस्थ ५१ ते १००, बाहेर ७६ ते १३५. म्हणजे साठाव्या क्रमांकाच्या संघाला त्यांच्या घरी जाऊन हरवणं क्वाड १ मध्ये बसतं आणि त्याच संघाला आपल्या घरी हरवणं क्वाड २ मध्ये. चॅलेंजमध्ये बाहेर खेळणाऱ्या संघाला म्हणूनच तोटा कमी आणि कमाई जास्त असते.

नेट २०१८-१९ मध्ये आलं. त्यात हंगामपूर्व अंदाज नसतो, त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीला पहिली यादी येते तेव्हा ती विचित्र दिसते. सात सामन्यांत दुबळ्यांना चाळीस-चाळीस गुणांनी हरवणारा संघ वर चढलेला असतो. त्या यादीवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

क्वाड सामन्याच्या दिवशी गोठत नाही. नोव्हेंबरमध्ये घरी हरवलेला २८ व्या क्रमांकाचा संघ फेब्रुवारीत ३४ वर घसरला की तुमचा विजय क्वाड १ मधून क्वाड २ मध्ये जातो. म्हणून वहीत क्वाडचा रकाना पेन्सिलीने भरा आणि जानेवारीनंतर दर सोमवारी त्यातल्या काठावरच्या ओळी तपासा: घरच्या सामन्यांत २५ ते ३५, तटस्थ ४५ ते ५५, बाहेरच्या ७० ते ८०.